पान एकशे एक

९ जानेवारी

चिमण्या,

लोक तुला आता पास्टर म्हणतात, आणि पोस्टरवर तुझ्या नावाच्या पुढेमागे आणखी काय काय चिकटवलेलं असतं. मी तुझं नाक पुसलंय, त्यामुळे मी चिमण्याच म्हणणार. प्रभूत सलाम आधी लिहून टाकते, कारण एकदा भांडायला लागले की तो राहून जाईल.

काल तुमची गाडी दुकानासमोर थांबली आणि बारा खोकी उतरवून गेली. मला वाटलं, उपासनेची पुस्तकं जुनी झालीत, डागडुजीला आली असतील. वर छापील पत्र. 'मा. बाइंडर, सोबतच्या २४० प्रतींमधून पृष्ठ १०१-१०२ काढून टाकून प्रती परत कराव्यात.' खाली सही कुणाची, तर प्रशासन विभागाची. मा. बाइंडर! सख्ख्या बहिणीला! बाबांनी शिवलेली पुस्तकं बाबांच्याच टेबलावर येतात, आणि सोबत मुलाच्या हातची एक ओळ नाही.

मी फोन केला. तुझ्या ऑफिसातली मुलगी गोड आवाजात म्हणाली की पास्टर मीटिंगमध्ये आहेत. बरं, हे पान का काढायचं, असं विचारलं, तर म्हणाली, ते नकारात्मक आहे. एकशे एकवर काय आहे ते तिला माहीत नव्हतं. तुला आहे. आजाऱ्याची प्रार्थना आहे. 'प्रभो, माझे शरीर थकले आहे व माझा विश्वासही थकला आहे. मला तुझा हात धरून ठेवता येत नाही. तू माझा धर.' चर्चच्या मंडळीने नेमलेले वडील म्हणून बाबा ज्या ज्या घरी आजारी माणूस असेल तिथे जाऊन हे वाचायचे. जाताना सायकलच्या हँडलला पुस्तकाची पिशवी आणि बोटांना खळ चिकटलेली.

आता तुमच्या सभागृहात विश्वास थकत नाही म्हणे. तिथे पूर्वी सोफे आणि कपाटं विकायचे, तेव्हाही असंच सगळं चकचकीत असायचं.

मी एकही पान काढणार नाही. सगळी खोकी होती तशी परत पाठवली आहेत. बाकी बांधणीचं तुला सांगायला नको, तूही याच टेबलाखाली कागदाच्या कातरणात लोळून मोठा झालास.

आई बरी आहे.

ताई


२ फेब्रुवारी

चिमण्या,

उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं, पण नर्सबाईंच्या तोंडून. शेजारच्या नर्सबाई अजून तुमच्या सभेला येतात, कारण आईची चाकाची खुर्ची ढकलायला कुणीतरी हवं असतं. मी येत नाही हे तुला ठाऊक आहे. गेल्या वर्षी तू व्यासपीठावरून म्हणालास की आजार हा अविश्वासाचा पुरावा आहे, तेव्हा मी उठले ती उठलेच. दर रविवारी सकाळी मी इथे आईसोबत बाबांच्या पुस्तकातून प्रार्थना वाचते, आणि मग नर्सबाई तिला तुझ्याकडे घेऊन येतात. कारण ती तुझी आई आहे, आणि तुला तिथे उभा पाहिला की तिचा चेहरा उजळतो. तुझं प्रवचन तिला किती कळतं कोण जाणे, पण तुझा सदरा इस्त्रीचा आहे की नाही हे ती मला घरी येऊन सांगते.

आता ऐक, मला काय काय कळलं ते. पहिलं, दारात लोकांना बसवणाऱ्या तुझ्या त्या टायवाल्याने आईची खुर्ची खांबामागे नेऊन ठेवली. का, तर ती कॅमेऱ्यात येते. पास्टरांची आई खुर्चीत दिसली तर पाहणाऱ्यांचा गैरसमज होईल. तू हे सांगितलं होतंस की त्याने आपलं डोकं चालवलं, ते मला कळव. दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी लाज तुझीच जाते.

दुसरं. बाइंडरने नाही म्हटलं म्हणून तू सगळ्यांना उभं केलंस आणि म्हणालास की आपापल्या पुस्तकातलं एकशे एकावं पान आत्ता, या घडीला, मुळापासून फाडा. ढोल वाजत होते. दोनशे चाळीस माणसांनी टराटरा फाडलं. आईची बोटं वाकडी झाली आहेत, तिला धड पेला धरता येत नाही. तिने पुस्तक नुसतं छातीशी धरलं होतं. शेजारच्या कुणी बाईने ते हसत हसत काढून घेतलं, पान फाडलं आणि परत दिलं. आई थँक्यू म्हणाली म्हणे.

तिसरं, देवाने तुला बरं केल्याची तुझी साक्ष. नवव्या वर्षी तुला टायफॉइड झाला आणि घरच्यांनी आजारावर विजयाची घोषणा केल्यावर तू ताडकन उठून बसलास, असं तू सांगितलंस. घोषणा कुणी केली रे? एकवीस दिवस तुला ताप होता. डॉक्टर रोज यायचे. आई ओल्या फडक्यांनी तुझं अंग पुसायची, मी ती फडकी पिळायची, आणि बाबा पलंगाच्या कडेला बसून हेच पान वाचायचे. अकराव्या दिवशी तू डोळे मिटून त्यांच्याबरोबर म्हणायला लागलास, कारण तोवर ते तुला पाठ झालं होतं. आता तुझ्या साक्षीत औषध नाही, फडकी नाहीत, पान नाही आणि मीही नाही. देवाने केलेलं सांगताना एवढं सगळं गाळायला का लागतं?

आई बरी आहे. जरा दम लागतो, एवढंच.

ताई


११ मार्च

चिमण्या,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. तुझ्या अक्षरात होत्या म्हणून आईने त्या दोनदा वाचून घेतल्या. दुसऱ्यांदा वाचताना मी काही शब्द बदलले.

तू लिहितोस, 'ताई, जिवंत शिकवण वाढत असते. तू बाबांच्या पुस्तकात अडकून पडलीस.' आणि खाली ताजा कलम, की पुस्तकांची पानं गळायला लागली आहेत, बांधणी कच्ची होती का?

कच्ची! बाबांच्या हातची! मेणाचा दोरा, प्रत्येक घडीत पाच टाके, वर कापडाची पाठ. तीस वर्षं त्या पुस्तकांनी मुलांचे दात सोसले, ओले हात सोसले. ती तुझा एक रविवार सोसू शकली नाहीत.

गेले तीन आठवडे लोक माझ्याकडे सुटी पानं घेऊन येत आहेत. सगळ्यांची एकच तक्रार, एकशे सात नंबरचं पान आपोआप निघून आलं. आपोआप नाही रे. तुला हे माहीत असायला हवं होतं, तरी आता शाळेतल्यासारखं सांगते. पुस्तकात सुटं पान नसतंच. कागद मधोमध दुमडतात, घड्या एकात एक घालतात आणि दुमडीवर शिवतात. सोळा पानांचा एक फर्मा होतो. म्हणजे प्रत्येक पानाचा दुसरा अर्धा भाग त्याच फर्म्यात पुढे किंवा मागे असतो. एकशे एक आणि एकशे सात हा एकच कागद आहे. एक मुळापासून फाडलं की दुसऱ्याला धरायला दोरा उरत नाही. ते थोडे दिवस नुसतं गोंदावर तग धरतं आणि मग पडतं.

एकशे सातवर काय आहे, ते मी सांगायला हवं का? दफनविधीचा शेवट. कबरीपाशी म्हणायचे शब्द.

तेव्हा अडकण्याचं मला शिकवू नकोस. तुला वाटतं, तू फक्त एक रडकं पान काढलंस आणि आशेची सगळी पानं ठेवलीस. तसं होत नाही. ज्या माणसाला आजारात 'मी थकलो' म्हणायची मुभा नाही, त्याला मरताना कुणाच्या स्वाधीन करणार तुम्ही? हे मी कुठल्या मोठ्या ग्रंथात वाचलेलं नाही, टेबलावर शिकले. शिकवण वाढू दे की खुशाल. पण प्रभू स्वतः क्रुसावर मोठ्याने आक्रोश करून गेला, ते कुठल्या वाढीत बसवणार आहेस? त्याचाही विश्वास कमी पडला म्हणणार?

आता एक गोष्ट कबूल करते आणि ती लिहिताना मला बरं वाटत नाही. पान काढलं तर जोडीचं पडेल, हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. मी तुला लिहिलं नाही. राग होता. आणि खरं सांगायचं तर तुझी फजिती व्हावी असंही वाटत होतं. भर सभेत तुझ्या हातून पानं खाली पडावीत आणि टायवाल्याने ती वेचावीत, एवढंच मनात होतं. सुटी पानं मी फेकलेली नाहीत. एका पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवली आहेत. आजपर्यंत साठेक झाली.

आईला भेटायला कधी येतोस?

ताई


२८ मार्च

चिमण्या,

हे पत्र ऑफिसातल्या मुलीने उघडलं असेल तर तिने ते आत्ताच्या आत्ता पास्टरांच्या हातात द्यावं. मीटिंग असली तरी.

आज सकाळी आईच्या झग्याचं बटण तुटलं म्हणून तिचा बटणांचा डबा काढला. डब्यात बटणांच्या खाली तिच्या हृदयाच्या गोळ्या होत्या. पांढऱ्या आणि गुलाबी. मी रोज सकाळी तिच्या तळहातावर ठेवते आणि पाणी देते, त्याच. सहा आठवड्यांच्या असतील. ती त्या गालात धरायची आणि मी वळले की काढून ठेवायची. माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी काय करत होते, तर तुला खरमरीत पत्रं लिहीत होते.

मी ओरडले. ऐंशी वर्षांच्या आईवर ओरडले, तेही लिहून ठेव. म्हटलं, त्याने सांगितलं म्हणून? गोळ्या घेणं म्हणजे संशय घेणं, असं तो म्हणतो म्हणून तू स्वतःच्या जिवावर उठलीस?

तिने डबा माझ्या हातातून घेतला आणि झाकण लावायला बघत राहिली. बोटांना जमेना. मग म्हणाली, "त्याचं खरं-खोटं मला कळत नाही ग. पण पास्टरच्या घरातच आई आजारी, असं लोक बोलतात. मी बरी झाले तर त्याला तोंड दाखवायला जागा राहील ना."

कळलं का तुला? ती तुझ्या शिकवणीवर विश्वास ठेवून मरायला निघालेली नाही. तुझी लाज राखायला निघाली आहे. खांबामागे बसवलेली बाई खांबामागून तुझी इभ्रत सांभाळते आहे.

डॉक्टर येऊन गेले. पायांना सूज आहे, छातीत पाणी आहे. आजपासून मी गोळी गिळेपर्यंत समोर बसते. ते म्हणाले, उशीर झालाय, किती ते सांगता येत नाही. मी जानेवारीपासून तुला 'आई बरी आहे' लिहीत आले. ती माझ्याकडून तसं लिहून घ्यायची. मलाही ते सोयीचं होतं, कारण ती बरी नाही म्हटलं असतं तर तुझं म्हणणं खरं ठरल्यासारखं झालं असतं. बघ, तुझी शिकवण न मानताही मी तिच्या तालावर नाचत होते.

तिला एकच भीती आहे. आज गोळी घेतल्यावर तिने मला विचारलं, "माझा विश्वास कमी पडला म्हणून देव मला घेणार नाही का?" साठ वर्षं प्रभुभोजन घेतलेली बाई हे विचारते. मी नाही म्हटलं, शंभर वेळा म्हटलं, पण मी बाइंडर आहे. तिला हे तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. ये आणि एकशे एकावं पान तिला वाचून दाखव. बाबांची प्रत इथे आहे, अखंड आहे. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसेन. चकार शब्द बोलणार नाही.

ताई


६ एप्रिल

चिमण्या,

तू आला नाहीस. नर्सबाईंच्या फोनवर तुझा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. चार मिनिटं. मागे ढोल आहेत. 'आई, तू बरी झाली आहेस, घोषणा कर, आजार खोटा आहे.'

मी फोन भिंतीवर मारणार होते, पण तो नर्सबाईंचा होता. आईने तो कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "आवाज बसलाय त्याचा. त्याला म्हणावं, गरम पाणी पी."

निरोप पोचवला. गरम पाणी पी. आणि पिऊन झालं की ये. तुझी शिकवण दाराबाहेर चपलांपाशी ठेव, कुणी चोरून नेणार नाही. जाताना पुन्हा पायात घाल. दहा मिनिटं फक्त तिचा मुलगा म्हणून ये.

ताई


२ मे

चिमण्या,

तुझं पार्सल काल आलं. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी जे दोघांनाही ठाऊक आहे ते लिहायचं आहे, कारण त्यावर आपण एकमेकांशी एक शब्दही बोललेलो नाही.

तू गुरुवारी दुपारी आलास. गाडीत टायवाला बसून होता, गाडी चालूच होती. मी कबूल केल्याप्रमाणे दुसऱ्या खोलीत गेले नाही, दारात उभी राहिले. आईने उशीखालून बाबांची प्रत काढली. त्या बोटांनी तिने स्वतः पान उघडलं आणि तुझ्यासमोर धरलं. तू पुस्तक मिटलंस. हळू मिटलंस, हे मी नाकारत नाही. म्हणालास, "आई, असं नाही बोलायचं. मी बरी आहे म्हण."

तिने तुझ्याकडे पाहिलं. मग तुझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हो रे, बरी आहे मी."

तुला वाटलं असेल, जिंकलो. ती तुझ्यासाठी खोटं बोलली, चिमण्या. आयुष्यात कधी तोंडाने खोटं न बोललेली बाई. तू गेल्यावर तिने तोंड भिंतीकडे केलं. शुक्रवारी सकाळी मी न विचारताच एकशे एकावं पान वाचायला लागले. 'तू माझा धर'ला ती माझ्याबरोबर बोलली. शनिवारी तीन वेळा वाचलं. रविवारी सकाळी, तुझी सभा सुरू व्हायच्या वेळी, ती गेली. भीती गेली होती का, मला सांगता येणार नाही. हात मात्र सैल होता. हे तुला ऐकवायला हवं म्हणून लिहिते, तुझं सांत्वन करायला नाही.

आता कबरीपाशी.

तू सभागृहातलं पुस्तक आणलंस, बाबांनीच शिवलेलं. तुझा आवाज चांगला लागला होता. एकशे सहा संपलं आणि तू पान उलटलंस, तर पुढे एकशे नऊ. तू परत उलटलंस. अंगठ्याने दुमड चाचपलीस, लहानपणी चुकलेला फर्मा शोधायला बाबांनी शिकवलं होतं तसंच. तेव्हा तुला कळलं. तुझ्या चेहऱ्यावर मला ते दिसलं.

माझ्या पिशवीत फाइल होती. त्यात एकशे सात नंबरची एकशे बारा पानं होती. मला ते सगळं तोंडपाठही आहे. मी गप्प राहिले. खणणारा माणूस फावड्यावर हात ठेवून वाट बघत होता, टायवाला घड्याळाकडे बघत होता, तू नुसताच ओठ हलवत होतास, आणि मी मनात म्हणत होते, बुड. आईची पेटी समोर होती आणि मी तिच्या मुलाला बुड म्हणत होते. जानेवारीत मी जे लिहायचं टाळलं ते आईच्या अंगावर आलं. तिला शेवटचे शब्द मिळायला उशीर झाला. फाडलंस तू, पण पडणार हे ठाऊक असून गप्प बसले मी. तुझ्या शिकवणीवर मी पाच पत्रं ओरडले आणि माझा हा दोष एका ओळीत उरकला होता. आता नीट लिहिला.

मग पेटीवर एक मातीचं ढेकूळ आपसूक घरंगळून पडलं, आणि मला माझीच शरम वाटली. मी होते तिथूनच म्हटलं. 'आम्ही हिला मातीच्या स्वाधीन करतो, परंतु तुझ्या हातून काढून घेत नाही.' मागून नर्सबाई म्हणायला लागल्या, मग जुने लोक. ज्यांनी टराटरा फाडलं होतं त्यांनाही ते येत होतं. तू फक्त आमेन म्हणालास. अगदी हळू. आईने ऐकलं असतं तर म्हणाली असती, आवाज बसलाय.

पुढच्या रविवारी टायवाल्याने जाहीर केलं म्हणे की पास्टरांच्या आई पूर्ण आरोग्यात, विजयाने प्रभूकडे गेल्या. तू शेजारी उभा होतास. यावर मला इतका संताप आला की तीन पत्रं लिहिली आणि फाडली.

आणि काल पार्सल. वर ऑफिसचा शिक्का नाही, तुझं अक्षर. आत तुझी स्वतःची प्रत, बाप्तिस्म्याच्या दिवशी बाबांनी दिलेली. चिठ्ठी नाही. मी सातवा फर्मा उघडला. एकशे एक फाडलेलं होतं, पण घडी न घालता, कडा न दुमडता जागेवर ठेवलेलं होतं. एकशे सातही. म्हणजे ढोल वाजत असताना तू तुझं पान पुस्तकातच परत ठेवलंस. सगळ्यांना फेकायला लावलंस आणि स्वतःचं जपलंस. चिमण्या, हे मला तुझ्या प्रवचनांपेक्षाही जास्त लागलं. दोनशे चाळीस माणसांच्या हातून जे काढून घेतलंस, ते तुला स्वतःला सोडवलं नाही.

पुस्तक आज शिवलं. फाटलेली दोन्ही पानं मधे कागदाची पट्टी लावून जोडली, एक कागद केला आणि फर्म्यात घालून पाच टाके घेतले. जोड दिसतो. हवं तर पट्टी पातळ लावून तो लपवता आला असता. मी लपवला नाही. पान उघडशील तेव्हा बोटाला लागेल.

पण पोस्टाने पाठवणार नाही. तू माझ्याकडे येऊन हे घेऊन जायचं आहेस, चालत, गाडी आणि टायवाला न आणता. त्याआधी एका रविवारी, त्याच लोकांसमोर, कॅमेरा चालू ठेवून सांगायचं आहेस की आईचा विश्वास कमी पडला नव्हता, ती आजारी होती आणि आजारपणातच प्रभूने तिला धरलं. एवढंच. पान तुला पाठ आहे, पुस्तकाची गरज लागणार नाही. कुणी आजारी माणूस तेव्हा खांबामागे बसलेला असेल तर त्याची खुर्ची पुढे घे.

नर्सबाई तिथे असतील. त्या मला सांगतील.

दुकान रोज नऊला उघडतं. पुस्तक दाबाखाली ठेवलं आहे.

ताई